माझ्याच मापाचे कपडे

३ तारीख
लागली एकदाची नोकरी! तुरुंगाचा शिंपी. जावईबापू एक दिवस तुरुंगात जाणार, असं सासूबाई लग्नापासून म्हणायच्या. घ्या, झालं तुमच्या मनासारखं! खिडकीपाशी मशीन, भरपूर उजेड, दारात पहारेकरी मामा. हिला आठवा महिना लागलाय. आता पाळणा नवाच घ्यायचा.

५ तारीख
परदेशी पाहणी समिती येणार आहे. कैद्यांना माणसासारखं वागवू, अशा करारावर आपल्या सरकारने सही केलीय, तो पाळला जातो का ते बघायला. म्हणून नवे कपडे. कैद्यांची मापं घ्यायला निघालो, तर साहेब म्हणाले, त्यांची नकोत, पहारेकऱ्यांची घे. आणि एक जोड तुझ्या मापाचा.

मागच्या बराकीकडून वास येतो. मामा म्हणतात, गटार तुंबलंय.

११ तारीख
आत्ता उलगडा झाला. पहारेकऱ्यांनीच कैदी व्हायचं, खऱ्यांना मागे कोंडायचं! एक माणूस कमी पडत होता, साहेबांनी पाठ थोपटून मला उभं केलं. एका कैद्याचं नाव पाठ करायला दिलं. तो कुठाय विचारलं, तर मामा बुटाची नाडी बांधायला वाकले. घरी सांगितलं, ही पोट धरून हसली.

१४ तारीख
समितीच्या बाईंनी नाव विचारलं, मी घडाघडा सांगितलं. पोटभर मिळतं का? मिळतं म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. लिहिलेल्या नावांपैकी प्रत्येक जण पुढच्या खेपेला इथेच दिसेल, असं साहेबांनी वचन दिलं.

संध्याकाळी पहारेकऱ्यांनी कपडे बदलले. मला कुलूप. थट्टा वाटली, मी हसत बसलो. साहेब म्हणाले, ते रोजचेच आहेत, तू बाहेर जाऊन बोललास तर?

बहुतेक २०
मागच्या बराकीत टाकलंय. निम्मे झोपतात, निम्मे उभे. वास गटाराचा नव्हता. ही फाटकावर आली होती, मामा खाली बघत सांगून गेले. शिंपी काम सोडून पळाला, असं तिला सांगितलं. तिला खरं वाटलं असेल का—

तारीख माहीत नाही
मी कैदी नाही, मी शिंपी आहे, असं सगळ्यांना सांगत सुटलो. शेजारच्याने माझे केस दोन बोटांत धरून बघितले. तो इथला न्हावी होता.

—
विजारीची नाडी आवळून आवळून संपली. बाळ झालं असेल. मुलगा की— कुणीच सांगत नाही. देवा, एकदा बघू दे.

—
मशीनचा आवाज. माझं मशीन! नवा शिंपी आलाय. समिती पुन्हा येणार. मी सांगणार, सगळं सांगणार—

—
साहेब मला बघून गेले. म्हणाले, हा आता दाखवण्यासारखा राहिला नाही. नाव तेच ठेवा, माणूस बदला.

—
कपडे उतरवून नेले. वही तेवढी लपवली. जाळीतून दिसतोय तो नवा शिंपी. माझा सदरा अंगाला लावून बघतोय, गडी चांगला भरलेला आहे, सदरा अगदी बरोबर बसतोय. ओरडलो, अरे ते नाव पाठ करू नकोस! मामांनी त्याला सांगितलं, वेडा आहे. तो हसला, मला हात केला— हसतोय अजून— कुलूप काढतायत, मला कुठे— ही आली तर तिला कुणी—