दुसरं आधण

अप्पा, आठ महिन्यांपूर्वी मी तंजावुरात एका घराच्या ओट्यावर तुमचा खेळ मांडला आणि तो तुमचा आहे हे कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. मधल्या काळात मी बी.एस्सी. झाले, आपल्या घरातली पहिली, आणि आता इथल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. आई मामाकडे गावीच असते. महिन्यातून एकदा मी बसने तिला भेटून येते. इथवरचं सगळं तुम्हाला आवडलं असतं. पुढचं किती आवडेल ते ठाऊक नाही, म्हणून सावकाश लिहिते.

यात्रेकरूंच्या त्या अन्नछत्रातली दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. शेवटची पंगत उठलेली आहे, उष्टी पानं उचलून झाली आहेत, आणि तुम्ही पंच्याने मान पुसत चुलीपासून ओसरीवर येता. कोळशाने फरशीवर पट आखता. सोंगट्या म्हणजे चिंचोके, खडे, फुटक्या बांगडीचे तुकडे, ज्याला जे सापडेल ते. हा खेळ आपल्याकडे घरोघर खेळतात, पण तुमच्याकडे त्याची तऱ्हा वेगळी होती. "आधी कोण आहेस ते सांग, मग फासे घे," असं तुम्ही प्रत्येकाला म्हणायचात. मग गाडीवान राजाचा वकील व्हायचा, रामेश्वराला निघालेली म्हातारी दरोडेखोर व्हायची. सोंगटी ज्या घरात पडेल तिथे काय आहे ते तुम्ही सांगायचात. इथे नदीला पूर आहे, इथे नाक्यावरचा शिपाई झोपला आहे, आता काय करशील? तो जे म्हणेल ते खरोखर घडलं असं धरून खेळ पुढे जायचा. एका वेळच्या जेवणापुरती माणसं आलेली असायची, आणि उठताना एकमेकांना नव्या नावांनी हाका मारत उठायची.

मी नऊ वर्षांची असताना एका आजोबांनी आपला राजा पुराच्या पाण्यातून बसने पलीकडे नेला. मी मोठ्याने हसले. राजाच्या काळी बस नव्हती, हे पुसा, असं म्हणाले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "बोललेलं पुसायचं नसतं. त्यांनी बस आणली आहे. आता ती पलीकडे कशी न्यायची ते तू सांग." मला रडू येत होतं. सगळे थांबले होते. शेवटी मी म्हटलं की दोन नावा दोरांनी एकत्र बांधायच्या आणि बस त्यांवर चढवायची. आजोबा इतके खूश झाले की त्यांनी राजाच्या शेजारची जागा मला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पितळी फासे माझ्या हातात दिलेत आणि आज पट तू चालव म्हणालात. मला शाळेत पुढे बरीच बक्षिसं मिळाली, पण त्यांतलं एकही इतकं जड लागलं नाही.

तंजावुरात आले तेव्हा पहिले दोन महिने मी शाळा आणि खोली याखेरीज कुठे गेले नाही. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी वडील काय करायचे असं विचारलं. मी म्हटलं, छत्रात व्यवस्थापक होते. आधी ठरवलेलं नव्हतं. ते इतकं सहज तोंडातून गेलं की मीच चकित झाले. शाळेतल्या चित्रकलेच्या टीचरनी माझं एकटेपण ओळखलं आणि एका शनिवारी दुपारी मला एका निवृत्त सुईणीच्या घरी नेलं. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं. ओट्यावर अक्का आणि मोठ्या देवळाजवळ बसणारी एक फुलवाली पट मांडून बसल्या होत्या. माझं नावही न विचारता दोघी सरकल्या आणि चटईवर जागा झाली. बोलणं सगळं तमिळमधलं. इथे मी आपल्या घरच्या मराठीत लिहिते आहे.

तिसऱ्या शनिवारी मी भीतभीत म्हटलं, आधी प्रत्येकीने आपण कोण ते सांगायचं का? त्यांना ते फारच आवडलं. फुलवाली पहिल्याच दिवशी जहाजाची कप्तान झाली आणि बाजारातल्या तिच्या सगळ्या वैरिणींना तिने समुद्रात बुडवलं. अक्कांनी विचारलं, हा खेळ कुठला? कॉलेजच्या हॉस्टेलातला, असं मी सांगितलं. त्या चटईवर जागा मिळाली ती शिकलेल्या टीचरला, स्वैपाक्याच्या मुलीला नव्हे, असं माझ्या मनाने घेतलं होतं. फुलवाली तिथेच बसते, तिला कोणी काही म्हणत नाही, हे समोर दिसत होतं. तरीही. आणि मग प्रत्येक शनिवारी ते खोटं थोडं मोठं होत गेलं. आता सांगितलं तर आठ महिने यांना फसवलं असं होईल, आणि शनिवारची दुपार जाईल. अप्पा, तेवढी एकच दुपार माझी होती.

गेल्या शनिवारी मी तहसीलदार होते. फुलवाली म्हणाली, आज मी छत्रातली स्वैपाकीण. पट अक्का चालवत होत्या. त्यांनी सांगितलं की पंगत उठते आहे, भात संपला आहे, आणि दारात तीस यात्रेकरू उभे आहेत, काय करशील? फुलवालीने विचार केला आणि म्हणाली की सांबारात दोन घागरी पाणी ओतते आणि तेच वाढते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हे चूक आहे, पुसा. छत्रातला स्वैपाकी असं करत नाही. त्याचं दुसरं आधण चुलीवर असतंच. शेवटचा माणूस पानावरून उठून हात धुवेपर्यंत ते उतरवायचं नाही, कोणी आलं की त्यात तांदूळ वैरायचे." बोलताना माझा हात हवेत तांदूळ वैरत होता. तुमच्यासारखाच, मनगटातून. तो हात दिसला आणि मी तो पदराखाली घेतला.

अक्कांनी चष्मा वर केला. "टीचर, हॉस्टेलात हेही शिकवतात का?"

मी म्हटलं, "माझे अप्पा छत्रात स्वैपाकी होते. व्यवस्थापक नव्हते. खेळ त्यांचा आहे."

चित्रकलेच्या टीचर माझ्याकडे न बघता पटाकडे बघत राहिल्या. व्यवस्थापक हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून अनेकदा ऐकला होता. मी चपला कुठे काढल्या आहेत ते डोळ्यांनी शोधू लागले. तेवढ्यात फुलवाली पुढे वाकली. "ते असू दे. माझं सांबार पातळ झालं त्याचं काय? मी ओतलं म्हणाले म्हणजे ओतलं. आता ते पुसायचं म्हणता?" मी म्हटलं, नाही, बोललेलं पुसायचं नसतं, अप्पांचाच नियम आहे, मीच मोडला. "मग तहसीलदार," ती म्हणाली, "तुम्ही पहिल्या पानावर बसा. एवढं पाणी सरकारलाच पचेल." चित्रकलेच्या टीचरना हसू आवरेना. अक्का म्हणाल्या, तीस माणसं उभी आहेत, भात लावा कोणीतरी. आणि खेळ पुढे गेला. निघताना चित्रकलेच्या टीचर कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या आणि एवढंच म्हणाल्या की मला आधी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. वाटेत अजून काय काय विचारत राहिल्या, तीस माणसांना मीठ किती, आणि मला सगळं येत होतं.

काल पुन्हा शनिवार होता. फुलवालीने तहसीलदारी माझ्याकडून काढून घेतली आणि स्वैपाकी तुम्ही व्हा असा हुकूम सोडला. मी मुलगी म्हणून नाही, तुम्ही म्हणूनच बसले. पंचा खांद्यावर असल्यासारखी खांदा झाडत होते. हे पत्र शाळेच्या टाचणवहीत लिहिते आहे. ते तिथेच राहील. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मोठ्याने वाचून दाखवायला मी त्या दिवसांत कधी बसले नाही. एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवत नाही. एक पडल्याशिवाय नवी सोंगटी पटावर येत नाही. मी नऊ वेळा फासे टाकले, नऊ वेळा पडलं नाही, आणि तुम्ही पटाबाहेर बसून होतात. दहाव्यांदा दोन पडले. मी फासे पटकन मुठीत घेतले आणि एक म्हणाले.