खंडेनवमीचं तेल

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
पोरानं, विलासनं, नातीच्या, मयुरीच्या एअर रायफलीवर हळद-कुंकू वाहिलं. झेंडूची माळ. वर नारळाचं पाणीसुद्धा! झेडपीत कारकून आहे, पण लोखंडाला पाणी चालत नाही एवढं कळू नये? ओरडलो.
"अण्णा, शस्त्र हाय, पुजायचं न्हाय का?"
पुज की. पण नेम धरायच्या साइटीच्या भोकात कुंकू भरून? पोलिसांच्या शस्त्रागारात सगळी नोकरी बंदुका पुसण्यात गेली माझी. शेवटी स्वतःच बसलो. साइटीला मऊ ब्रश, बाहेरून कोरडं फडकं. पाऊस हटत नाही, हवा दमट, म्हणून तेलाची चिंदी नळीतून दोनदा ओढली. नळी वर करून भिंतीला उभी केली. हात चालत असताना चौथीतल्या कविता चालीवर म्हणत होतो. गुरुजी टेबलावर ठेका धरायचे, तो लिंब, ती फाटकी बसकरं... तेवढा वेळ बरा गेला.

४ ऑक्टोबर, शनिवार
म. रेंजवरून रडत आली. नऊच्या खाली न जाणारी पोरगी. आज सहा, पाच, एक तर कागदाबाहेर. क्लबचे शिंदे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हात हलतोय तुझा. मोबाइल कमी कर." चौदाला विभागीय निवड. रायफल क्लबची. निवड झाली नाही तर परत घेऊन दुसऱ्या पोरीला देणार, हेही तिथंच सांगितलं.
हात हलतो म्हणे! नातीचा हात मी घडवलाय. मनात कवितेची ओळ म्हणायची, ओळ संपते तिथं श्वास थांबवायचा, तिथंच घोडा दाबायचा. असल्या पोरीला मोबाइल कमी कर! सरांनी कधी एक ओळ तरी पाठ केलीय का?

५ ऑक्टोबर, रविवार
गोठ्यामागच्या भिंतीवर म.ला पाच छर्रे मारायला लावले. पहिला आवाज तेरखेड्याचा फटाका फुटावा तसा. दुसरा फुस्स. तिसरा परत फटाका. हवेच्या बंदुकीला असला आवाज?
कुंकूच आत गेलंय. वि.ला नको नको ते बोललो. तो म्हणाला, "तुमच्या रागातनं देवाला तरी सोडा, अण्णा." सून सुनीता मधे पडली, "जेवून तरी भांडा की!" मी जेवलो नाही.
म. एका कोपऱ्यात स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत बसलेली. "आबा, मी सोडते हे. मला जमत न्हाय."

७ ऑक्टोबर, मंगळवार
छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र रेंजवर आहे. कपाटात. कुलपात. "सोमवारी बघू," असं सर गेल्या शनिवारी म्हणाले होते. काल सोमवार झाला. फोनच उचलला नाही. काय पुजायला ठेवलंय का ते यंत्र?
मग घरीच केलं. लाकडी पेटीत शाडू दाबून भरली, चार सुतळ्यांनी तुळईला टांगली. पेटीमागं पुठ्ठ्यावर काडेपेटीची काडी आडवी. छर्रा शाडूत घुसला की पेटी झोका घेते, काडी मागं सरकते. जेवढा वेग, तेवढी काडी लांब. आकडा कळत नाही. सारखेपणा कळतो, आणि नेमबाजीला तोच लागतो. एकाच डबीतले छर्रे घेतले, मागचा घेर दबलेले बाजूला काढले. रायफल वाळूच्या दोन पोत्यांत घट्ट बसवली. हात हलायला वावच नाही.
दहा छर्रे. काडी तीन बोटं, पाच, तीन, सात, चार... एकाला पेटी तुळईला धडकायची राहिली.
"हात न्हाय गं! रायफल!"
म. तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. उद्या पुठ्ठा नेऊन सरांच्या टेबलावर आपटतो.

८ ऑक्टोबर, बुधवार
गेलो नाही.
सकाळी रायफलीचं तोंड हुंगलं. जळकं तेल. कुंकवाला असला वास येत नाही. ही वही मागं चाळली. एक तारीख. "तेलाची चिंदी नळीतून दोनदा." माझंच अक्षर.
ही आमच्या शस्त्रागारातली बंदूक नव्हे. स्प्रिंग हवा दाबते तिथंच मागं नळीचं भोक. उभी ठेवली की तेल उतरतं तिथं, दाबानं पेटतं. कधी जास्त, कधी कमी. जन्मभर ज्या सवयीवर पगार खाल्ला, तिनंच पोरीचं वाटोळं केलं. आणि आठवडाभर मी घर डोक्यावर घेतलंय. थू.

९ ऑक्टोबर, गुरुवार
सांगितलं. सगळ्यांसमोर, कारण शिव्याही सगळ्यांसमोर दिल्या होत्या.
वि. हसला. "म्हंजे कुंकू सुटलं म्हणायचं."
म. हसली नाही. "आबा, तीन रात्री मी ह्या हाताला शिव्या दिल्या. तुम्ही कविता म्हणत तेल घालत होता?"


११ ऑक्टोबर, शनिवार
रायफलीला हात लावायची मला म.ची बंदी. मी बाजेवर, ती ओट्यावर. मी सांगतो, ती करते. चिंदी मागून पुढं, एकाच दिशेनं. उलट ओढली तर तोंडाची कड घासते. दरवेळी नवी, कोरडी. रिकामा घोडा दाबायचा नाही. ठेवायची आडवी.
पहिल्या सात चिंद्या काळ्या, मग तपकिरी. आतलं उरलंसुरलं तेल छर्रे मारूनच जळणार. साठ मारले. मग पेटीवर दहा. आठ सारखे, दोन लांब. दोन म्हणजे काय थोडे झाले?
सरांना फोन केला. चूक माझी, हात तिचा चांगला, असं सांगितलं. "बघू," म्हणाले. बघू! माणसाच्या तोंडात दुसरा शब्दच नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
पहाटेच्या यष्टीनं म. आणि वि. लातूरला गेले. मला ये म्हणाली नाही. पाया पडली, पण वर बघितलं नाही.
साडेनऊला फोन. पाठीमागं गलका.
"आबा, चिंदी पिवळट निघतीय अजून. आणखी एक फिरवू का, का तशीच मारू? माझं नाव पुकारायलेत."
एकदा वाटोळं केलेल्या माणसाला कशाला विचारतेस, असं तोंडावर आलं होतं.
"फिरव," म्हणालो.
फोन बंद. फिरवली का नाही, माहीत नाही.