दस्तात नसलेली विहीर

अण्णा, गेल्या महिन्यात त्या म्हाताऱ्या वकिलांनी मला तोच प्रश्न विचारला, जो एकदा तुम्हांला विचारला होता. "पाणी कुठलं भरता?" तपकीर तीच, खोकला तोच, माणूस मात्र निम्मा उरलाय. मी आता मुलींच्या शाळेत शिकवते, चार माणसांत बोलायची सवय आहे, तरी त्या प्रश्नाला माझ्या तोंडून उत्तर निघेना. घर गहाण ठेवून पतपेढीकडून कर्ज काढायचं होतं, आपल्या परसात विहीर खणायला. आईचे गुडघे गेलेत आणि खालच्या आळीतून पाणी आणायला माझ्याशिवाय कुणी नाही. पतपेढीचा नियम असा, की कागद करणारा वकील त्यांनी मान्य केलेल्यांपैकीच हवा. त्यांत तुम्ही निवडला होतात तो वकीलही होता. त्याच्या दाराशी मी फिरकले नाही. सरळ म्हाताऱ्यांकडे गेले, आणि जिना चढताना तुमच्यावरचा राग पायरीपायरीनं वर येत होता, हे खरं ते लिहिते. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तेव्हा खोटं लिहून काय मिळणार?

तेव्हा आपण त्या घरात भाडेकरू होतो. मालक मुंबईला राहायचे, ते उन्हाळ्यात आले आणि म्हणाले, घर विकायचंय, तुम्हीच घ्या. तुम्ही किती हरखला होतात! त्या दिवशी कचेरीतून येताना आईला आवडतात म्हणून हलवे मासे आणलेत, आणि घरी आल्यावर आठवलं की आई तिच्या भावाच्या लग्नाला संगमेश्वरला गेल्ये. मग मीच ते कसेबसे तळले. पैसे बाजारपेठेतले सावकार देणार होते. त्यांच्या पेढीवर तुम्ही मला घेऊन गेलात, घरी एकटी कशी ठेवायची म्हणून. सावकार गोड बोलणारे, पण एका बाबतीत हटून बसले. "वकील माझ्या पसंतीचा. पैसा माझा अडकायचाय, तर कागदही माझ्या विश्वासाच्या माणसानं केलेला हवा. दोघं आहेत, त्यांतला कुठलाही घ्या. तिसरा आणलात तर हा व्यवहार माझ्याच्यानं होणार नाही." तुम्ही मान डोलावलीत. त्यात तुमचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. कर्ज देणारा अट घालणारच. पण दोघांतला एक निवडायचं तुमच्या हातात होतं.

पहिल्यांदा आपण म्हाताऱ्यांकडेच गेलो. तेव्हाही सगळे त्यांना म्हातारेच म्हणत. मला ती खोली अजून दिसते. तुम्ही बाकाच्या कडेला बसला आहात, टोपी मांडीवर, मी खिडकीशी उभी. ते तपकीर ओढतात, शिंकतात, आणि घराची किंमतसुद्धा न विचारता म्हणतात, "पाणी कुठलं भरता?"

"शेजारच्या नारळी-पोफळीच्या आगरातली विहीर आहे. आगरही ह्याच मालकांचं."

"आज त्यांचं. उद्या आगर दुसऱ्याला विकलंन तर?"

"माणूस फार सज्जन आहे हो."

"सज्जन माणसं विकत नाहीत होय काय? घराच्या कागदात विहिरीवर जायची वाट नि पाणी भरायचा हक्क लिहून घ्या. तुम्हांला मागायला जड जात असेल तर मी मागतो. पण आधी जागा बघायला येईन, हद्दीचे दगडी गडगे बघीन, मागचे दस्त काढीन. दोन आठवडे तरी हवेत."

दोन आठवडे नव्हते. पावसाळ्यापुरत्या बोटी बंद व्हायच्या होत्या, मालकांना शेवटच्या बोटीनं मुंबई गाठायची होती, आणि ती बोट कधी सुटणार हे आगबोटीच्या कचेरीत कारकून असलेल्या तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक? जिना उतरता उतरता तुम्ही म्हणालात, "फार खुसपटं काढतो हा माणूस." मी लगेच हो म्हटलं. मला तो म्हातारा आवडलाच नव्हता, माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या वकिलांनी एका बैठकीत दोन्ही कागद केले, मालकांकडून घर घेतल्याचं खरेदीखत आणि सावकारांकडे ते ठेवल्याचं गहाणखत. त्यांचं अक्षर सुरेख होतं. मोठ्यानं वाचून दाखवलं त्यांनी, पूर्वेला वाट, पश्चिमेला आगर, घर, परस, झाडझाडोरा, दगडधोंडा, सगळं आलं. सावकारांच्या पैशाला जेवढं लागतं तेवढं सगळं त्यात होतं. मालक हसतमुखानं बसले होते, माझ्या हातावर त्यांनी खडीसाखर ठेवली. तेवढ्यात तुम्ही घसा खाकरलात. वकिलांनी मान वर केली. "काही राहिलं का?" मालकांनीही पाहिलं. तुम्ही मालकांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, मग टोपी नीट केलीत आणि म्हणालात, "छे, छे, काही नाही." अण्णा, विहीर तुमच्या ओठांवर आली होती. मी ते पाहिलं होतं, फक्त त्या वयात मला त्याचा अर्थ लागला नाही. इतक्या भल्या माणसाला पाण्याचं लेखी मागायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं, असं तुम्हांला वाटलं असणार. तुम्ही कुणाकडे कधी काही मागितलं नाहीत. उसनं मीठसुद्धा तुम्ही आणू द्यायचा नाहीत.

आई संगमेश्वरहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "विहिरीचं लिहून घेतलंत ना?" पाणी भरणारी तीच, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात, "त्यात काय लिहायचंय?" त्यावर ती एवढंच म्हणाली, "मी असते तर लिहून घेतलं असतं." मग कळशी उचलून गेली. त्या विषयावर ती तुम्हांला एवढंच बोलली, पुढे कधी नाही.

मग मालकांनी आगर विकलं. घेणारे मुंबईला गोदीत नोकरी करून गावी आलेले. त्यांनी मधला गडगा नीट घातला आणि आपल्या जायच्या जागी जांभ्याचे चिरे बसले. तुम्ही कोट घालून त्यांच्याकडे गेलात. परत आलात, कोट खुंटीला लावलात आणि आमच्याकडे न बघता म्हणालात, "ते नाही म्हणतात." दुसऱ्या दिवसापासून आम्ही खालच्या आळीतल्या विहिरीवर. खाडीच्या अंगाची विहीर, पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही, आणि चढ असा की वर येईपर्यंत छाती भरून यायची. कचेरीत जायच्या आधी तुम्हीही दोन खेपा करायचात, नाही असं नाही. पण मधली सगळी वर्षं आईची गेली. आम्ही दोघी शेजाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या देत असू. निदान मी तरी देत असे. तुम्ही गेलात तेव्हा शेजारचे काका खांदा द्यायला आले होते, तेही मला खुपलं होतं.

आता म्हातारे वकील काठी टेकत जागा बघायला आले. गडगे पाहिले, परसात कुठं विहीर लागेल ते पाहिलं, आणि मला म्हणाले, "कर्ज काढून कातळ फोडण्यापूर्वी त्या माणसाला एकदा विचारूया." मी म्हटलं, त्यांनी मागेच नाही म्हणून सांगितलंय. तरी ते गेले, मलाही नेलं. शेजारचे काका पडवीत बसले होते. ऐकून ते चकित झाले.

"आम्ही कधी नाही म्हटलं? अण्णा आले, बसले, सुपारीसुद्धा खाल्लीनी. मीच म्हटलं, गुरं शिरतात म्हणून गडगा घातलाय, पण तुमची वाट ठेवतो ना! तर म्हणाले, नको हो, आमची सोय झाल्ये. आम्हांला वाटलं, ह्यांना आमच्या विहिरीचं पाणी चालत नसेल. ही तर किती दिवस मनाला लावून होती."

काकू दारात उभ्या होत्या. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. एक घर इतकी वर्षं खाली मान घालून होतं आणि एक घर मचूळ पाणी पीत होतं, आणि मधे तुमचा तो एक शब्द.

म्हाताऱ्यांनी तिथल्या तिथं कागद तयार केला, वाट आणि पाणी, पिढ्यान् पिढ्या. रीतसर नोंदही झाली. काकांनी स्वतः चिरे काढून वाट मोकळी केली. कर्जाची गरजच उरली नाही. आईला मी सांगितलं, "ते आता कबूल झालेत." तुम्हांला सांभाळायला खोटं बोलले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलंनी कधी? ह्यांनी विचारलंनीच नसणार."

"तुला ठाऊक होतं?"

"इतकी वर्षं संसार केला, ठाऊक नसेल होय गो?"

"मग तू का नाही गेलीस?"

"ह्यांनी घरात येऊन एक सांगितल्यावर मी तिथं जाऊन विचारायचं? मग ह्यांनी तोंड कुठं दाखवायचं होतंनी?"

मला रडू आलं, आणि तुमचा इतका राग आला की त्याच दिवशी हा कागद घेऊन बसले. तुम्हांला एकच विचारायचं होतं, तिच्या गुडघ्यांहून तुमचा ताठा मोठा होता का? तेवढं लिहून थांबले. पुढचं आज लिहिते आहे, कारण मधे आठवडा गेला आणि त्यात जे झालं ते तुम्हांला सांगायला हवं.

विहिरीचा कागद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कळशी घेऊन त्या मोकळ्या वाटेशी गेले. विहिरीवर काकांची सून धुणं धूत होती. "जरा भरून घेते हं," एवढंच म्हणायचं होतं. हक्क तर आता लेखी आहे, म्हणायचीही गरज नव्हती. मी घसा खाकरला. तिनं मान वर केली. मी काहीतरी हसले आणि वळून खालच्या आळीला गेले. रोज तसंच होतंय. आज सकाळी आईनं पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं. मचूळ पाणी तिला कळणार नाही होय? पण उरलेलं पाणी तिनं गुपचूप पिऊन टाकलं, तुमच्या वेळी प्यायची तसंच.