रुंद स्कींची बाइंडिंग

आई, तुला आधी स्की म्हणजे काय हेच सांगावं लागेल. बर्फावरून घसरायला पायाखाली बांधायच्या दोन लांब फळ्या. ताज्या, भुसभुशीत बर्फासाठीच्या फळ्या जास्त रुंद असतात, म्हणजे माणूस रुतत नाही. जे बुटाला फळीशी धरून ठेवतं त्याला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर ते सुटायला हवं, नाहीतर फळीबरोबर पाय पिळला जातो. तू कधी न पाहिलेल्या तुझ्या नातीचं गेल्या हिवाळ्यात तेच झालं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. आणि पाय बरा झाल्याबरोबर तिने नव्या रुंद स्की आणल्या, बाइंडिंग नसलेल्या.

"पापा, निवडायला येशील? तू इंजिनिअर आहेस ना," तिने जर्मनमध्ये विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. मी इथे नेकारसुल्मला गाड्यांच्या सीटबेल्टवर काम करतो. वाटलं, एवढं तर आपल्याला जमेल.

दुकानातल्या बाईंनी तिचा बूट मोजला, वजन-उंची विचारली आणि दोन बाइंडिंग समोर ठेवली. एक जाडजूड. दुसरं हलकं, बुटाचं टोक दोन खिळ्यांत धरणारं, स्की पायात घालून डोंगर चढणाऱ्यांसाठी. मी जाडजूड पुढे सरकवलं.

"हो, पण हे ओढत मी वर चढणार कशी?" ती म्हणाली.

मी बाईंना विचारलं, "गुडघ्याला सुरक्षित कुठलं?"

"जड थोडं बरं. पण गुडघ्याची हमी कुठलंच देत नाही. सैल लावलं तर नको तिथे सुटेल, घट्ट लावलं तर हवं तेव्हा सुटणार नाही."

मी दोन्ही उचलून पाहत राहिलो. स्प्रिंग दाबून बघितली. काय बघत होतो कोण जाणे. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाली, "पापा, तू नको ठरवूस." आणि तिने ते हलकं बाइंडिंगच घेतलं.

तेव्हा तू आठवलीस. मिरजेच्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत तुझी ड्युटी असायची, घरी यायचीस तेव्हा नखांत पांढरं वाळलेलं असायचं. मी जुनी मोटारसायकल आणली आणि तू किल्ली तांदळाच्या डब्यात लपवलीस. "रोज असले पाय बघते मी. त्या टेबलावर तुला नाही बघायचं मला," म्हणालीस आणि बोलणंच टाकलंस. मग एका सकाळी चहा ओतता ओतता किल्ली माझ्या कपाशेजारी ठेवलीस. "हळू जा," एवढंच. मधल्या दिवसांत तुझ्या मनात काय झालं, मी कधी विचारलं नाही. त्या दुकानात मला तेवढंच तुला विचारायचं होतं.

आज ती मैत्रिणींबरोबर डोंगरात आहे. संध्याकाळी फोन आला. पडली, एक स्की सुटली आणि बर्फात गडप झाली, सगळ्याजणी हातांनी उकरत बसल्या. हसत सांगत होती. मीही हसलो. उद्या पुन्हा वर जाणार आहेत.

फोन ठेवून मी खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, गेलो. तिच्या ऑपरेशननंतरच्या कुबड्या तिथे पडल्यात, त्या आज टाकून द्यायच्या असं ठरवून. धूळ पुसली आणि पुन्हा तिथेच उभ्या करून आलो.