तलफेचं उत्तर

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दारू सोडून सात महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी ‘सुधारणा आहे’ असं लिहून दिलं तरच मालक मला फर्निचरच्या कामावर परत घेणार, हे तुला ठाऊक आहेच. परवा बाईंनी व्यसनाच्या अकरा खुणा एकेक करून विचारल्या. हात थरथरतात का, कामं बुडतात का, असं बरंच. दहांना नाही म्हणालो, ते खरं होतं. तलफ येते का, यालाही नाही म्हणालो. ते खोटं. लाखेच्या पॉलिशमध्ये स्पिरिट असतं. कारखान्यावरून जाताना तो वास आला की तलफ येते, मी वाट बदलतो.

चिठ्ठी मिळाली, पण मालकांना द्यायला हात धजत नाही. खरं सांगावं, तर काम हातचं जाईल. तुझ्या भावजयीला काही बोललो नाही.

तुझा लोभ घटू देऊ नकोस.

धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ताप लपवायला थर्मामीटर लावण्याआधी बर्फ चोखणारा तू. त्याने ताप उतरला होता का? मुकाट्याने बाईंकडे परत जा. काम गेलंच तर माझ्याकडे शिवणकामाला ये, काजं करायला माणूस हवाच आहे. टाका वाकडा आला तर कान पिळीन. आणि बायकोला आधी सांग. ती आंधळी नाही.

तब्येतीला जप, पत्राला उशीर करू नकोस.

ताई

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भावजयीला ठाऊकच होतं. म्हणाली, कारखाना टाळून लांबून घरी येता, ते काय पायांना हौस म्हणून?

दोघं मिळून गेलो. बाई म्हणाल्या, बाकीच्या दहा खुणा तीन महिन्यांत दिसल्या नाहीत की सुधारणा धरतात. तलफ तेवढी मागे राहू शकते, तिच्यामुळे सुधारणा पुसली जात नाही. पण लपवलीत तर औषध कशावर देऊ? मग औषध दिलं, आणि मला विचारून चिठ्ठी नव्याने लिहिली: सुधारणा आहे, स्पिरिटजवळ बसवू नये. मालकांनी दोनदा वाचली. मागच्या अंगणात लाकूड घासायला बसवलंय. नाकातोंडात भुसा जातो, पण झोप लागते.

काल संध्याकाळी तलफ आली. तुझ्या भावजयीला तसं सांगितलं. बरं, म्हणाली, मग भांडी विसळायला लागा. अर्ध्या तासाने तलफ गेली. भांडीही झाली.

माया आहे तशीच राहू दे.

धाकटा