तिसरी खूण

येरमाळा, गुरुवार, संध्याकाळ

लॅबमधल्या मैत्रिणीचा फोन आला. तिसरी खूण चिकटलीच नाही, नमुना वाया गेला म्हणाली. दोन प्रोटीनं एकमेकांना कशी बिलगून बसतात, हे आम्ही त्यांच्यावर स्पिन लेबलच्या इवल्या खुणा चिकटवून, खुणांमधली अंतरं मोजून ताडतो. तीन खुणा असल्या की थोडाफार आकार उभा राहतो. दोनच राहिल्या तर हातात नुसतं एक अंतर, आणि त्यात कसलंही मॉडेल बसतं. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. आई जाऊन पंधरवडासुद्धा झाला नाही, मला कुठं खुणांचं पडलंय!

तरी ती तिसरी खूण डोक्यातून जाईना.

आप्पा माझ्याशी कधी थेट बोललेच नाहीत. रागानं नाही, सवयच तशी. फोनवरसुद्धा आईलाच सांगायचे, "तिला विचार, जेवली का." मला ऐकू यायचं, तरी आई पुन्हा विचारायची आणि मी तिलाच उत्तर द्यायचे.

आज फोननंतर आप्पा ओसरीवर, मी दाराशी. काय बोलावं? मग त्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवून हाक दिली, "अगं, तिला विचार, च्या घेती का."

आत दिवासुद्धा लावलेला नव्हता.

त्यांच्याही लक्षात आलं. टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिच्या घड्या नीट करत बसले.

मी त्या अंधाऱ्या स्वयंपाकघराकडंच तोंड करून म्हणाले, "घेते म्हणावं."