उजवीकडचं दही

३ जानेवारी
कोंबडीची पिल्लं आली. दोन हजार! शेडच्या मधोमध जाळी बांधली. डावीकडे खाद्यात कंपनीची पावडर, उजवीकडे पाण्यात बाबांचं दही. कंपनीच्या डॉक्टरबाई हसल्या – "ताई, दोन्हीत काम चांगले जंतूच करतात. खाल्लेलं अंगी लावतात. फक्त आमचे मोजलेले असतात." बाबांचे बिनमोजणीचे.

पस्तिसाव्या दिवशी वजन करायचं. पावडर जिंकली तर दही बंद – मीच बोलून बसले. बाबांना जाऊन वर्ष झालं. शेडमध्ये त्यांचं एवढंच उरलंय.

५ जानेवारी
सकाळी बाबा बाही कोपराच्या वर सारून बादलीत दही घुसळायचे. मी गणवेशात, दप्तर पाठीला, ताटकळत. "आधी ह्यांचं पोट, मग तुझी शाळा." रोज उशीर! वर अंगाला आंबट वास, म्हणून बाई मागच्या बाकावर बसवायच्या. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज बादलीवर वाकले आणि तोच वास. रडले. पिल्लांसमोर कसली लाज?

१० जानेवारी
पहिलं वजन. डावीकडे सरासरी एकशे नव्वद ग्रॅम, उजवीकडे एकशे पासष्ट. उजवीकडचं खाली अंथरलेलं तूसही ओलं – पोटं बिघडलीत. सुरुवातीला होतं असं, म्हणाले डॉक्टरबाईंना. माझं मलाच पटलं नाही.

१७ जानेवारी
चारशे ऐंशी आणि चारशे दहा. डॉक्टरबाई म्हणतात, "ताई, कोंबड्यांचं वजन आहे, बाबांची परीक्षा नाही." परीक्षाच आहे!

१८ जानेवारी
आई शेडवर आली. गुडघ्यांमुळे कितीतरी महिन्यांनी. उजवीकडच्या पाण्याच्या टाकीचा वास घेतला. "पाण्यात काय घालतेस?"
"क्लोरीनच्या गोळ्या. रोगराई नको म्हणून."
"आणि त्यातच दही?" आईने कपाळावर हात मारला. "अगं, जंतू घालतेस आणि तिथेच मारतेस! सगळं केलंस आणि मुसळ केरात. दह्याचं पाणी आदल्या दिवशी उघड्या पिंपात काढून ठेवायचं. गोळीचा वास गेला की मग दही."

पंधरा दिवस मी बाबांना हरवत होते. स्वतःच्या हाताने.

२४ जानेवारी
पिंपं भरून ठेवते. तूस कोरडं. फरक पन्नास ग्रॅमवर आला! उजवीकडची आता खाद्यावर तुटून पडतात.

७ फेब्रुवारी
पस्तिसावा दिवस. पावडर – दोन किलो चाळीस ग्रॅम. दही – दोन किलो दहा.

तीस ग्रॅमने हरलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पहिले पंधरा दिवस धरूच नका." पण शब्द म्हणजे शब्द. बादली धुऊन पालथी घातली.

८ फेब्रुवारी
आईला सांगितलं, बाबांचं दही बंद केलं. म्हणाली, "त्यांचं कुठलं? पहिल्या वर्षी पिल्लं पटापट मरत होती, तेव्हा मी त्यांच्या नकळत घालायला लागले. ते चिडले असते. पिल्लं जगली, मग स्वतःच घुसळायला लागले. विरजण शेवटपर्यंत माझंच." मी म्हटलं, सगळे बाबांचं दही म्हणायचे, वाईट नाही वाटलं? "कुणी विचारलंच नाही." मीही नाही, इतक्या वर्षांत.

बाबांचं दही बंद. पुढच्या बॅचला उजवीकडे आईचं.